दोष आईच्या पदरात टाकू नका!

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडवर उतरा आणि समोरच्या मेडिकलच्या काउंटरपाशी दहा मिनिटे उभे राहा. आम्ही असेच उभे होतो. कॉलेजला जाणाऱ्या दोन मुली आल्या. एकीने मोबाईलवरचा फोटो दाखवून चेहरा उजळण्याची ट्यूब मागितली. दुसरीने आवाज खाली करून ‘मैत्रिणीला दिलीत ती मुरमांची गोळी’ मागितली. दुकानदाराने वय विचारले नाही, लग्न झाले आहे का ते विचारले नाही, डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. कागदी पिशवीत एक ट्यूब आणि कॅप्सूलची एक पट्टी पडली. पैसे देऊन मुली निघून गेल्या. त्या दुकानाचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. असा व्यवहार कोकणातच नव्हे तर देशभर चालतो आणि त्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. म्हणूनच हा लेख लिहावा लागत आहे.

मुरमांसाठी जी कॅप्सूल दिली जाते तिचे नाव आयसोट्रेटिनॉइन. चेहरा उजळण्याच्या कित्येक ट्यूबांमध्ये तिचेच भावंड असते, त्याचे नाव ट्रेटिनॉइन. दोन्ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली औषधे. कातडीवर त्यांचा गुण येतो, याबद्दल वाद नाही. पण पोटात गर्भ असताना ही कॅप्सूल घेतली तर बाळाच्या मेंदूची घडण बिघडू शकते, मेंदूच्या मागच्या भागात पाण्याने भरलेली पिशवी तयार होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला गेली चाळीस वर्षे ठाऊक आहे. शास्त्राला ठाऊक आहे, कंपनीला ठाऊक आहे, सरकारला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त त्या दोन मुलींना. ज्ञान वर अडवून ठेवायचे आणि त्याचा भोग खालच्यांनी भोगायचा, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही.

शास्त्र काय सांगते?

‘अ’ जीवनसत्त्व माणसाला लागतेच. ते कमी पडले तर रातांधळेपणा येतो, म्हणून बाळाला नवव्या महिन्यापासून त्याचा डोस देतात. तो डोस जरूर द्यावा, त्याचा या विषयाशी संबंध नाही. पालेभाजी, पपई, आंबा यांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वानेही गर्भाला धोका नाही. धोका आहे तो औषधाच्या मात्रेत. सिडनी कोहलान या अमेरिकन डॉक्टरांनी १९५३ सालीच उंदरांवर दाखवून दिले होते की गाभण मादीला ‘अ’ जीवनसत्त्व अतोनात दिले तर पिलांच्या डोक्याची आणि मेंदूची घडण बिघडते. पुढे १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड नावाच्या गोळीने जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली. आईने घेतलेली गोळी गर्भापर्यंत पोहोचते, हा धडा जगाला त्या वेळीच मिळाला होता.

इतके ठाऊक असताना १९८२ साली अमेरिकेत रोश कंपनीचे आयसोट्रेटिनॉइन ‘अ‍ॅक्युटेन’ या नावाने बाजारात आले. गरोदर स्त्रीने घेऊ नये अशी सूचना त्यावर होती. पण सूचना छापली म्हणजे ती पोहोचली असे होत नाही. १९८३ सालापासून व्यंग असलेल्या बाळांच्या नोंदी येऊ लागल्या. १९८५ साली डॉ. लॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १५४ गर्भारपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९५ स्त्रियांनी गर्भपात करून घेतला, १२ जणींचा गर्भ आपोआप पडला, २६ बाळांमध्ये मोठे व्यंग दिसले नाही आणि २१ बाळे व्यंग घेऊन आली. या २१ पैकी १५ जणांचे कान अपुरे होते किंवा नव्हतेच. आणि १८ जणांच्या मेंदूत व मज्जासंस्थेत बिघाड होता. हे आकडे पुन्हा एकदा वाचा. एकवीसमधले अठरा!

असे का होते? गर्भ घडत असताना मेंदूचा कोणता भाग कुठे तयार व्हावा, याचे संदेश देणारा एक पदार्थ गर्भाच्या शरीरातच असतो. तो म्हणजे रेटिनोइक आम्ल. ते अगदी मोजक्या जागी, मोजक्या प्रमाणात, मोजक्या दिवसांत असावे लागते. बाहेरून त्याच जातीचे औषध लोटले की संदेशांचा गोंधळ उडतो. भाताच्या खाचरात बांध फोडून पाणी एकदम सोडले तर रोप वाहून जाते, तसेच हे. मेंदूचा मागचा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू, कान, चेहरा, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या यांची घडण त्याच सुमारास चालू असते, म्हणून घाव नेमका तिथेच बसतो. हा नाजूक काळ गर्भ राहिल्यानंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याचा. त्या दिवसांत पाळी चुकली की नुसती लांबली, हेही कित्येक बायांना कळलेले नसते. म्हणजे स्त्रीला आपण गरोदर आहोत हे समजायच्या आत नुकसान होऊन गेलेले असते.

मेंदूतले पाणी

आता ती पाण्याची पिशवी म्हणजे काय, ते समजून घेऊ. प्रत्येकाच्या मेंदूच्या आत आणि भोवती स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो. मोठ्या माणसात एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर. रोज सुमारे अर्धा लिटर नवा तयार होतो आणि तेवढाच शोषला जातो. लहान मेंदूचा मधला भाग नीट घडला नाही की मागच्या बाजूची पोकळी फुगते आणि तिथे द्रवाने भरलेली मोठी पिशवी तयार होते. या विकाराला डँडी-वॉकर विकृती म्हणतात. डँडी आणि ब्लॅकफॅन यांनी १९१४ साली आणि टॅगार्ट व वॉकर यांनी १९४२ साली तिचे वर्णन केले. अनेक बाळांत त्यासोबत पाण्याचा निचरा अडतो, टाळू फुगते आणि डोके वाढत जाते. आपल्याकडे ‘मेंदूत पाणी झाले’ म्हणतात ते हेच. मग मेंदूतून पोटापर्यंत बारीक नळी घालून पाणी उतरवण्याचे ऑपरेशन करावे लागते. नळी तुंबली की पुन्हा ऑपरेशन. काही मुले पुढे चांगली शिकतात, सावरतात. काहींना चालायला, बोलायला उशीर होतो. काही जगत नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण अर्धवट माहिती पसरवणे हेही पापच आहे. हा विकार दुर्मिळ आहे. साधारण पंचवीस ते पस्तीस हजार जन्मांमागे एखादे बाळ असे आढळते. त्याची कारणेही अनेक आहेत. गुणसूत्रांतला दोष, गरोदरपणातला रुबेला, आईचा मधुमेह, दारू, अशी कितीतरी. आयसोट्रेटिनॉइन हे त्यांपैकी एक. त्यामुळे असे बाळ दिसले की आईने मुरमांची गोळी खाल्ली असणार, असा निष्कर्ष कुणी काढू नये. उलट ज्यांनी ती गोळी घेतली त्या सगळ्यांची बाळे व्यंग घेऊन येतात, असेही नाही. मात्र कॅप्सूलचा धोका सिद्ध झालेला आहे आणि तो टाळता येण्याजोगा आहे. गुणसूत्रे आपल्या हातात नाहीत. चिठ्ठीशिवाय विकली जाणारी पट्टी बंद करणे आपल्या हातात आहे.

वरून लावायच्या ट्रेटिनॉइनचे तसे नाही. कातडीतून ते रक्तात फार थोडे उतरते. १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासात गरोदरपणाच्या सुरुवातीला हे मलम वापरलेल्या २१५ स्त्रियांच्या बाळांत व्यंगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. तरीही गरोदरपणात ते टाळा, असेच डॉक्टर सांगतात, कारण मुरमांसाठी जिवावरची जोखीम घेण्याचे काही कारण नाही. म्हणजे क्रीम लावणाऱ्या भगिनींनी घाबरून जायचे नाही. पण क्रीममध्ये काय आहे हे माहीत नसताना ती लावायचीही नाही.

ट्यूबमध्ये आणखी काय असते?

कारण ट्यूबची गोष्ट वेगळ्या वाटेने घातक आहे. चेहरा उजळणारी म्हणून जी ट्यूब मेडिकलमधून दिली जाते तिच्यात पुष्कळदा तीन औषधांचे मिश्रण असते: रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन, साल काढणारे ट्रेटिनॉइन आणि एखादे स्टेरॉइड. वांगावर थोडे आठवडे, डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरण्याचे हे औषध. पण पहिल्या पंधरवड्यात चेहरा तकतकीत दिसतो, म्हणून बाई ते सोडत नाही. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, उन्हात आग होते, मुरूम वाढतात, ओठांवर केस येतात. सोडावे तर चेहरा पेटतो, लावावे तर आणखी बिघडतो. व्यसनच ते.

देशातल्या बारा ठिकाणच्या त्वचारोग विभागांनी मिळून केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडचे मलम लावत होते. त्यांतल्या २५७ जणांना ते मलम डॉक्टरने सुचवलेच नव्हते. मग कुणी सुचवले? दुकानदार, पार्लर, शेजारीण, जाहिरात. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या १४ मलमांना चिठ्ठीशिवाय विकायची बंदी केली. कागदावर बंदी आली, काउंटरवर आली नाही.

आणि औषधाच्या दुकानाबाहेरच्या क्रीमचे तर विचारूच नका. २०२३ सालच्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण गाजले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला. पार्लरमधून आणलेल्या रंग उजळण्याच्या क्रीममध्ये पारा होता. आपल्या कायद्याने सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला मनाई आहे. तरीही तो एका घरातल्या तीन बायांच्या रक्तात पोहोचला.

कोकणातल्या माणसाला हा विषय अधिकच जवळचा आहे. पावसाळ्याचे चार महिने अंगावर ओले कपडे, लावणीच्या चिखलात पाय, जांघेत आणि कमरेला गजकर्ण. सरकारी दवाखान्यात त्वचेचा डॉक्टर रोज भेटत नाही. खासगी डॉक्टरची फी आणि एस.टी.चे भाडे मिळून एका दिवसाची मजुरी जाते, दुसऱ्या दिवसाची बुडते. म्हणून मेडिकलवालाच डॉक्टर होतो आणि तो स्टेरॉइडची ट्यूब देतो. खाज थांबते, गजकर्ण मात्र आत पसरत राहते. गरिबाला औषध मिळत नाही असे नाही. त्याला तपासणीशिवाय, माहितीशिवाय, जबाबदारीशिवाय औषध मिळते. हीच आजची आरोग्यातली विषमता आहे.

रंगाची वर्णव्यवस्था

पण मुली ही ट्यूब मागतातच का? याचे उत्तर मेडिकलमध्ये सापडणार नाही. आंब्याच्या बागेत, चिरेखाणीवर, मासळीच्या जेटीवर, काजूच्या कारखान्यात राबणाऱ्या आईची लेक सावळी असते. त्या रंगात श्रमाचा उन्हाळा आहे. लाज वाटावी असे त्यात काय आहे? पण या देशात रंगालाही जात चिकटवली गेली. गोरा म्हणजे कुलीन, काळा म्हणजे हलका, हे शतकानुशतके मनावर कोरले गेले. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली ती या कोरलेल्या मनावरच धंदा करायला. जाहिरातीतली सावळी मुलगी नोकरीसाठी नाकारली जायची, गोरी झाली की निवडली जायची. महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. अखेर २०२० साली, तेही अमेरिकेतल्या काळ्यांच्या आंदोलनाची झळ जगभर पोहोचल्यावर, त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. पाटी बदलली, माल तोच आणि मनही तेच. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारने औषधांच्या फसव्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला. त्वचा गोरी करण्याच्या दाव्यालाही त्यात बंदी सुचवली होती आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा लाखांपर्यंत दंड सुचवला होता. मसुदा निघाला, जाहिराती थांबल्या नाहीत.

आता आपल्या घरात डोकावू. दुसऱ्याला बोल लावण्याआधी आपण आरसा पाहिला पाहिजे. आपल्या वधू-वर मेळाव्यांत काय चालते? मुलगा शिकलेला, नोकरीवाला, भाषणात बुद्ध-फुले-आंबेडकर, आणि बायोडाटावर अपेक्षा काय? ‘गोरी, सडपातळ’. मंगलपरिणय बौद्ध पद्धतीने आणि मुलीची निवड मनूच्या पद्धतीने! सासू म्हणते, ‘पोरगी गुणाची आहे, पण जरा काळी आहे.’ ते ‘पण’ ऐकूनच त्या मुलीने मेडिकलची पायरी चढलेली असते. मग तिच्या हातातल्या ट्यूबला जबाबदार कोण?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. तुमच्या लुगड्याच्या नेसणीवरून, गळ्याहातातल्या कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती खूण टाकून द्या, असे त्यांनी बजावले. बाया तिथेच उठल्या आणि नेसण बदलली. कुणी म्हणेल, मग काळा रंग टाकून गोरे होणे यात वेगळे काय? वेगळे आहे! ती नेसण आणि ते दागिने दुसऱ्यांनी लादलेले होते, गुलामीचे होते. कातडी कुणी लादलेली नाही, ती आपली स्वतःची आहे. बाबासाहेबांनी गुलामीची खूण फेकायला सांगितली, स्वतःला सोलायला सांगितले नाही. आजची लादलेली खूण म्हणजे कातडीचा रंग नव्हे, रंगाची लाज. फेकायची ती ही लाज.

दोष कुणाचा?

समजा, एखाद्या वाडीत मोठ्या डोक्याचे बाळ जन्माला आले. पहिला प्रश्न काय विचारला जातो? आईने ग्रहणात काही चिरले का? कुठे ओलांडले का? कुणाची नजर लागली? मागच्या जन्मीचे काय आहे? सगळी बोटे आईकडे. धम्माने आपल्याला कार्यकारणभाव शिकवला. कारणाशिवाय काही घडत नाही, आणि ते कारण दैवात नव्हे तर वस्तुस्थितीत शोधायचे. म्हणून या संशोधनाचे आपण स्वागत केले पाहिजे. ग्रहण, नजर, पूर्वजन्म या सगळ्या थोतांडाला ते परस्पर उत्तर देते.

पण इथेच आम्हाला दुसरी भीती वाटते. उद्या तेच शास्त्र हातात घेऊन तीच बोटे पुन्हा आईकडे वळतील. ‘हिनेच गोळ्या खाल्ल्या. हिलाच नटायची हौस.’ काल ग्रहणाने आईला गुन्हेगार ठरवले, आज सोनोग्राफीचा रिपोर्ट ठरवील. काठी बदलली, पाठ तीच! हे आपण होऊ देता कामा नये. ज्या मुलीला कुणी सांगितले नाही, जिच्या हातात इंग्रजीतले बारीक अक्षरांचे माहितीपत्रक पडले, जिला चिठ्ठीशिवाय पट्टी विकली गेली, जिला सावळी म्हणून हिणवले गेले, ती गुन्हेगार कशी? कारण कळले की दोष जिथे आहे तिथे गेला पाहिजे. तो विक्रेत्याकडे, कंपनीकडे, औषध प्रशासनाकडे आणि रंग पाहून सून निवडणाऱ्या आपल्या समाजाकडे जातो.

हा विचार आमचा नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, स्त्रीच्या श्रमातून ज्याला फायदा होतो त्या मालकाने तिच्या बाळंतपणाच्या खर्चाचा वाटा उचलावा, आणि सरकारनेही आपली जबाबदारी ओळखावी, अशी त्यांची मांडणी होती. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांनी तयार केला आणि रोहम यांनी तो मुंबई विधानसभेत मांडला. मूल केव्हा व्हावे हा निर्णय स्त्रीच्या हाती असावा, हे त्यामागचे सूत्र. ही दोन सूत्रे एकत्र ठेवून पाहा. ज्याला नफा, त्याच्यावर जबाबदारी. आणि जिचे शरीर, तिला पूर्ण माहिती. आयसोट्रेटिनॉइनच्या प्रश्नाचे उत्तर याच दोन ओळींत आहे.

आणि हा जिल्हा तर रमाईचा आहे. दापोलीजवळच्या वणंदची लेक. तिचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या डोक्यावरून वाहत. त्या माउलीने पोटची चार लेकरे गमावली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी राजरत्न. दारिद्र्य आणि वेळेवर न मिळालेले उपचार यांनी ती नेली. रमाईच्या जिल्ह्यात टाळता येण्याजोग्या कारणाने एकही कूस दुःखी होऊ नये, असे म्हणणे आपल्याला शोभते. नुसते जयंतीला हार घालणे शोभत नाही.

काय करता येईल?

राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. त्या आधारावर आमच्या मागण्या साध्या आहेत. अन्न व औषध प्रशासनाने जिल्ह्यातल्या मेडिकल दुकानांत आयसोट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइडच्या मलमांच्या विक्रीच्या नोंदी तपासाव्यात, चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यावर कारवाई करावी आणि ती जाहीर करावी. पाकिटावरचा गर्भाच्या व्यंगाचा इशारा मराठीत, ठळक अक्षरांत, चित्रासह असावा. अमेरिकेत २००६ सालापासून गरोदरपणाची चाचणी केल्याशिवाय आणि संततिनियमनाची खात्री झाल्याशिवाय स्त्रीला ही गोळी मिळत नाही. तिथल्या पोरीच्या गर्भाला जी किंमत, ती वणंदच्या पोरीच्या गर्भाला का नसावी? रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. त्याच्या त्वचारोग विभागाने तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी बाह्यरुग्ण तपासणी करावी. चिठ्ठी द्यायला डॉक्टर असेल तरच चिठ्ठीचा कायदा गरिबाच्या कामाचा.

सरकार करील तेव्हा करील, आपण थांबायचे कारण नाही. बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखा आहेत, महिला मंडळे आहेत, वर्षावासात विहारात लोक जमतात. तिथे एक तास या विषयाला द्या. गावच्या आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा. भगिनींना चार गोष्टी सांगा. मुरमांची कॅप्सूल त्वचेच्या डॉक्टरशिवाय घ्यायची नाही. ती चालू असताना, आणि बंद केल्यावरही पुढचा एक महिना, गर्भ राहू द्यायचा नाही. सोरायसिससाठी असिट्रेटिन घेत असाल तर ती मुदत तीन वर्षांची आहे. गोळी चालू असताना पाळी चुकली तर लपवू नका, गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात होणारी सोनोग्राफी चुकवू नका, मेंदूतली पाण्याची पिशवी तिच्यात बऱ्याचदा दिसते. आणि रिपोर्टमध्ये काही निघालेच तर निर्णय त्या स्त्रीचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने कायद्याचा मार्ग खुला आहे. ज्या घरात असे बाळ आहे त्या घराला आधार द्या, त्याच्या उपचाराच्या कागदपत्रांसाठी धावपळ करा, त्याच्या आईला कार्यक्रमांत मानाने बसवा.

तरुणांना एकच सांगणे. पुढच्या वधू-वर मेळाव्यात बायोडाटावरचा रंगाचा रकाना काढून टाका. संयोजकांनी तो छापूच नये. एवढी छोटी गोष्ट आपण केली तरी मेडिकलच्या काउंटरवरचा एक हात कमी होईल.

त्या दोन मुली आम्हाला पुन्हा भेटतील की नाही, ठाऊक नाही. पण त्यांच्यासारख्या हजारो लेकी या जिल्ह्याच्या वाड्यावस्त्यांत आहेत. त्यांच्या सावळ्या चेहऱ्यात काही उणे नाही, हे त्यांना आपण सांगितले नाही, तर ट्यूब विकणारा त्यांना उलटेच सांगणार आहे. तो रोज सांगतो आहे. आपण गप्प का?

जयभीम!